विसाहिकनची सोपी फेरी आणि शेवटचा चढ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिलाडेल्फियातल्या विसाहिकन ओढ्याच्या दरीतल्या फेरीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : शहरातल्या एका पार्कात तीन मैल चालायचं, त्यासाठी एवढं नियोजन कशाला? आणि एवढं करूनही तुमच्या वडिलांना शेवटचा चढ जड गेलाच. ओढ्याकाठच्या व्हॅली ग्रीन हॉटेलच्या दारात पार्किंग असताना गाडी वरच्या वस्तीत का लावायची, दगडांची वाट आधी का घ्यायची, आणि बाकीचे खुशाल पोहत असताना मुलांना डोहात का उतरू द्यायचं नाही, असे तुमचे प्रश्न आहेत. उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहिते आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे पाय गडांवर तयार झालेले असतात. सिंहगड घ्या की राजगड, चढ सकाळी ताज्या दमावर होतो आणि परतीला उतार मिळतो. ओढ्याच्या घळीत हे सगळं उलटं होतं. सुरुवातीला उतार असतो, गार सावली असते, शेजारी पाणी वाहत असतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की अजून खूप चालू शकू. मग पाय दमल्यावर वस्तीकडे चढून यावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी फेरी सोपी आहे की नाही हे मैलांवरून कळत नाही. कुठला तुकडा कधी येतो, त्यावरून कळतं. माझं सगळं नियोजन एवढ्याचसाठी होतं.

या फेरीचा आकार पुलांनी ठरवला आहे. दोन्ही काठांना वाटा आहेत, पण पलीकडे जाता येतं ते पुलावरूनच. व्हॅली ग्रीनच्या पुलाशी सुरुवात करायची, पूर्व काठाच्या नारिंगी खुणांच्या वाटेने प्रवाहाबरोबर खाली जायचं, किचन्स लेनचा पूल ओलांडायचा आणि पश्चिम काठाच्या फॉरबिडन ड्राइव्हवरून परत यायचं. या दिशेने गेलं की प्रदक्षिणेसारखं पाणी कायम उजव्या हाताला राहतं. ते डावीकडे दिसलं तर वाट चुकली. दरीत मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही, तेव्हा ही खूण मुलांनाही सांगून ठेवावी.

दगडांची वाट आधी घ्यायचं कारणही हेच. पूर्व काठाला विसाहिकन शिस्ट हा अभ्रकाने चमचमणारा खडक जागोजाग उघडा पडला आहे, मुळं वर आली आहेत, दोन-चार ठिकाणी हात टेकावा लागतो. तिथे पाय ताजे हवेत. फॉरबिडन ड्राइव्ह रुंद, बारीक खडीचा आणि जवळजवळ सपाट आहे. 1920 च्या दशकात तिथे मोटारी बंद झाल्या, म्हणून ते नाव (फॉरबिडन म्हणजे निषिद्ध). त्या रस्त्यावर दमलेला माणूसही गप्पा मारत चालतो. उलट्या दिशेने गेलात तर हेच दगड, हीच मुळं तुम्हाला थकलेल्या पायांनी पार करावी लागतील. मुरगळलेले घोटे मी बहुतेक परतीच्या वाटेवरच पाहिले आहेत.

आता डोहाचं. क्रेशाइम ओढा मुख्य प्रवाहाला मिळतो तिथलं ते ‘डेव्हिल्स पूल’ (हा पूल म्हणजे इंग्रजीतला, डोह). दिसायला फार सुंदर आहे, तुमच्या मुलांचा हट्ट मला अगदी समजतो. पण तिथे पोहायला आणि उड्या मारायला मनाई आहे, आणि त्याला कारणं आहेत. पाण्याखालचे खडक वरून दिसत नाहीत. पाणी येतं ते आजूबाजूच्या वस्त्यांमधून, त्यामुळे पाऊस झाला की रस्त्यांवरची सगळी घाण त्यात उतरते. हे पाणी वाढतंही झपाट्याने, कारण वरच्या भागात डांबर आणि छपरंच जास्त, मुरायला जागा कमी. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने इथे पूर आला होता. म्हणून मी लिहिलं होतं की आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर काठाची वाट सोडा. बाकीचे उतरतात म्हणून आपणही उतरावं, हे मला पटत नाही. या दरीचं रान टिकलं तेच मुळात पाण्यासाठी : 1868 पासून शहराने पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून इथली जमीन ताब्यात घेतली आणि काठावरच्या गिरण्या गेल्या. आज जिथे नुसती झाडं दिसतात, तिथे एके काळी जाती आणि पाणचक्क्या फिरत होत्या. मला ही जागा आवडते त्यात याचा वाटा मोठा आहे.

डोहाच्या पुढे, लिव्हझी धरणाजवळ, जोडी पिंटो या कलावतीचा ‘फिंगरस्पॅन’ लागतो. 1987 मध्ये बसवलेला, बोटाच्या आकाराचा, जाळीदार पोलादी पूल. मुलांना पाण्याऐवजी काही द्यायचं असेल तर हे द्या. त्याच्या आतून चालताना खालची घळ भोकांतून दिसते आणि मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत.

गाडीबद्दल. शनिवार-रविवारी चांगल्या हवेत हॉटेलजवळची जागा लवकर भरते आणि अरुंद रस्त्यावर गाड्या अडकून पडतात. वर गाडी लावली किंवा ट्रेनने सेंट मार्टिन्स स्टेशनला उतरून चालत आलं, तर निघण्याची वेळ आपल्या हातात राहते. नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि दरीत त्याच्याही आधी अंधारून येतं. पडलेल्या पानांखाली दगड झाकले जातात ते वेगळंच. त्यामुळे ‘किती वाजता परत फिरायचं’ हे मी पुन्हाही लिहीन. उन्हाळ्यात फुल पँट आणि घरी आल्यावर गोचिडी तपासणं, हेही लिहीन. पेन्सिल्व्हेनियात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार पुष्कळ आहे.

वडिलांसाठी मात्र ही फेरी नकोच. गुडघे दुखत असतील तर नारिंगी वाट कुठल्याच दिशेने सोपी नाही. त्यांना घेऊन थेट खाली हॉटेलपाशी या. 1850 ची इमारत आहे, बसायला जागा आहे, समोर पाण्यात बदकं असतात. तिथून फॉरबिडन ड्राइव्हवर प्रवाहाच्या उलट, थॉमस मिलच्या छपरी लाकडी पुलाच्या दिशेने जायचं. पुलापर्यंत पोचायलाच हवं असं नाही. जिथे ते थांबतील तिथून मागे फिरा, रस्ता तोच आणि तसाच सपाट. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी नऊच्या आत या, म्हणजे गाडी खालीच लागेल आणि चढ चढावा लागणार नाही.