येतंय की, मॅडम

परवा कॉफीचं मशिन बघायला कंपनीचा माणूस आला, बसला, एक स्क्रूही न काढता 590 रुपये घेतले आणि जॉबशीटवर 'कस्टमर एज्युकेटेड' असं लिहून खाली माझी सही घेऊन गेला. 500 व्हिजिटचे, 90 जीएसटीचे. म्हणजे माझ्या शिक्षणावर सरकारनेही अठरा टक्के कमावले.

दुखणं साधं होतं. 18 ग्रॅम पावडर घातली की पंचवीस-तीस सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी कपात उतरायला हवी, मधासारख्या संथ धारेने. आमच्याकडे ठिबक सिंचन सुरू होतं आणि पंप कण्हत होता. पावडर न घालता नुसतं पाणी सोडून बघितलं, तरी तेच. म्हणजे दोष पावडरीचा नाही, आत कुठेतरी बोळा बसलाय. हे मी फोनवर सांगितलं, तक्रारीत लिहिलं आणि दारात बूट काढणाऱ्या त्या मुलाला पुन्हा सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर आहेत का घरी?"

सर होते. सर चहा पितात. या मशिनचं बटण नेमकं कुठे आहे, हे सरांना आजतागायत माहीत नाही. "तिलाच विचारा," सर आतून ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं नेमकं उत्तर त्यांनी क्वचितच दिलं असेल.

मुलाने बटण दाबलं. ठप्. ठप्. ठप्.

"येतंय की, मॅडम."

"थेंब येतायत."

"एस्प्रेसो थोडीच असते. पावडर जरा जाड दळून घ्या." मग मशिनला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "यात दूध कुठून ओतायचं?"

आता त्याला तरी काय बोलायचं! तो चिमणी बघतो, एअर फ्रायर बघतो, प्युरिफायर बघतो. कंपनीने कॉफी मशिनही त्याच पिशवीत कोंबलं. शिवाय आपल्याकडे एस्प्रेसो म्हणजे लग्नाच्या हॉलमधली. दूध, साखर, इन्स्टंट पावडर, त्यात वाफेची नळी खुपसून केलेलं फुर्र्र, डोंगराएवढा फेस आणि वर चिमूटभर ड्रिंकिंग चॉकलेट. मला ती आवडते, उगाच नाक कशाला मुरडा? पण त्यात खरी, दाबाने उतरवलेली एस्प्रेसो औषधालाही नसते.

एवढ्यात सोसायटीच्या पाणी समितीचे काका टँकरची वर्गणी मागायला आले.

काका एका केमिकल कारखान्यातून निवृत्त झाले. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. ते सर्टिफिकेट त्यांच्या हॉलमध्ये देवघराच्या शेजारी फ्रेम करून लावलंय. ओट्यावरून वाफ निघताना दिसली आणि वर्गणीचं पावतीपुस्तक काकांनी काखोटीला मारलं.

"प्रेशर किती?"

"नऊ बार."

"म्हणजे नऊ किलोच्या वर? स्वयंपाकघरात?" काका एक पाऊल मागे सरले. "अगं, आमचा बॉयलर साडेदहा किलोवर चालायचा, आणि त्याला तीन पाळ्यांत माणसं होती! सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय? इन्स्पेक्शन कधी झालं? 1923 पासून कायदा आहे त्याला."

मी म्हटलं, काका, हे वाफेचं प्रेशर नाही, पंपाचं आहे. वाफेने कॉफी ढकलायची ती जुनी पद्धत. मिलानच्या बेझेराने 1901 मध्ये पेटंट घेतलं ते तसलं. त्यात कॉफी करपायची. मग 1948 मध्ये गाज्जाने दांडा ओढून स्प्रिंगच्या जोरावर पाणी दाबायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कॉफीवर ती बदामी साय दिसू लागली. आणि 1961 मध्ये फाएमा कंपनीने इलेक्ट्रिक पंप लावला. त्या मॉडेलचं नाव ई-61, त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून. आपल्याकडे ग्रहणात घोटभर पाणी पीत नाहीत, त्यांनी कॉफीच्या मशिनचं बारसं उरकलं.

ग्रहणाकडे काकांचं लक्षच नव्हतं. "म्हणजे हा फीड पंप!" त्यांचा चेहरा उजळला. "आणि बॉयलर? केवढा?"

"पाव लिटर."

काका बराच वेळ गप्प राहिले. "मग कायद्यात बसत नाही," असं म्हणाले खरे, पण एखादं स्थळ हातचं जावं तशा आवाजात. लगेच सावरून पुढचा प्रश्न: "फीड वॉटरचा टीडीएस?"

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं हे माप मला पाठ आहे. बोअर आणि टँकरचं मिश्रण सातशेच्या पुढे, कॉफीला हवं दीडशेच्या आसपास. निव्वळ आरओचं घातलं तर कॉफी बेचव लागते, शिवाय काही मशिनच्या सेन्सरला इतकं शुद्ध पाणी दिसतच नाही. म्हणून मी दोन्ही मोजून मिसळते. दर दोन महिन्यांनी सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी फिरवते, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. कंपनीची पुडी त्याच्या कैक पट महाग. रोज रात्री बिनभोकाची चकती लावून साबणपूड उलटी फिरवते, नाहीतर कॉफीचं तेल आत खवट होतं. हे सगळं मी सांगत होते आणि तो मुलगा मोबाइल बघत होता.

काका म्हणाले, "मग स्केल, म्हणजे क्षारांचा थर, सुटला असणार, आणि सुटलेला तुकडा पुढे बारीक भोकात जाऊन अडकला. ब्लो-डाउन, म्हणजे तळाचा गाळ बाहेर सोडणं, घेत नाहीस ना?"

मुलाने मोबाइल खिशात टाकला. "बरोबर आहे सर. सोलेनॉइडमध्ये असेल."

हे वाक्य मी त्याला दारात सांगितलं होतं. सोलेनॉइड, म्हणजे पाणी सोडणारी विजेवरची झडप, या शब्दासकट. चपला-बुटांच्या रॅकपाशी ती अडाणी बाईची शंका होती; काकांच्या तोंडून आली तेव्हा ते निदान झालं. पुढची दहा मिनिटं ते दोघं माझ्या ओट्याशी, माझ्या मशिनवर, माझ्या डोक्यावरून बोलत होते. "सर, मॅडमना सांगा पाणी चांगलं वापरायला." "सांगतो सांगतो." मी मधोमध पावडर दाबायचा टॅम्पर हातात धरून उभी. तो चांगला जड असतो, अर्धा किलोचा. उगाच नोंद करून ठेवते.

"मग उघडा ना," मी म्हटलं.

उघडता येणार नाही. का? स्केल वॉरंटीत बसत नाही. पैसे देते. मग मशिन सर्व्हिस सेंटरला जाईल, तीन आठवडे. मी उघडू? तुम्ही उघडलंत तर वॉरंटी जाईल. म्हणजे जी मला लागू नाही तीच जाण्याची भीती घालत होता! हा प्रकार विनोदी आहे असं लिहायला बसले खरी, पण अजूनही टाळकं सरकतं. हजारो रुपयांचं यंत्र घ्यायचं, ते सांभाळायचं कसं हे एकटीने शिकायचं आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारायचं, सर आहेत का.

रात्री प्लग काढला, मशिन गार होऊ दिलं आणि सोलेनॉइडचे स्क्रू सोडले. आतल्या पितळी भोकात खपली होती. टूथपिकने टोकरली तशी तळहातावर पडली: एका बाजूने खडूसारखी पांढरी, दुसऱ्या बाजूने कॉफीने माखलेली, कडेला हिरवट झाक. व्हॉल्व्ह धुतला, बसवला, बटण दाबलं. धार!

काकांना कळवणं भाग होतं, कारण त्यांचे चार मेसेज येऊन पडले होते. ते लुंगीवरच वर आले, भिंग घेऊन. खपली कागदी रुमालावर ठेवून, शेजारी मापाला रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला आणि दहाव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'टँकरच्या पाण्याचा पुरावा. बॉयलरमधून आज माझ्या मार्गदर्शनाखाली काढला. सॉफ्टनर प्लँटचा विषय वार्षिक सभेत पुन्हा घेत आहोत.' हा विषय गेली कित्येक वर्षं खर्चाच्या मुद्द्यावर आपटतोय.

खाली अंगठ्यांची रांग लागली. 'काका ग्रेट.' 'काका, आमचा गीझरपण बघा ना.' 'या वयात ही जिद्द, सलाम.' माझं नाव कुठे येतंय का म्हणून मी स्क्रोल करत राहिले. शेवटी बी विंगमधल्या एकीने मला टॅग केलं.

'ताई, तुमच्या मशिनमध्ये चहा होतो का?'