हुद्दा बाहेर ठेवून या

राज्य सरकारी निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, ही राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघाची मागणी अधूनमधून वर आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. मंत्रालयातून निवृत्त झालेले काका म्हणतात, एवढा अनुभव वाया घालवायचा का? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारा त्यांचाच पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही लोक हललात तर आमच्या जागा निघतील ना! इंग्लंडमध्ये बसून मी यात तोंड घालू नये, हे कळतं. तरी घालते.

इथे बीबीसीवर 'न्यू ट्रिक्स' नावाची मालिका होती. २००३ साली पहिला भाग आला आणि २०१५ पर्यंत ती चालली. लंडनच्या पोलीस दलातले तीन निवृत्त तपास अधिकारी जुनी, न उलगडलेली प्रकरणं पुन्हा उकरून काढतात. जेम्स बोलमचा जॅक घरामागच्या बागेत मेलेल्या बायकोशी गप्पा मारतो. ॲलन आर्मस्ट्राँगचा ब्रायन दारू सोडलेला, विक्षिप्त. वर्षानुवर्षांपूर्वीच्या केसचा तपशील तोंडपाठ, बाकी संसार बायकोच्या भरवशावर. डेनिस वॉटरमनचा जेरी तीन घटस्फोट झालेला आणि स्वयंपाकात तरबेज. शीर्षकगीतही वॉटरमननंच गायलं होतं. आपल्या मालिकेचं गाणं आपणच म्हणायची त्याला जुनी खोड.

आणि या तिघांची साहेब कोण, तर अमांडा रेडमनची सँड्रा. एका फसलेल्या मोहिमेत तिच्या हातून कुत्र्याला गोळी लागते, म्हणून तिला या म्हाताऱ्यांच्या पथकात धाडलेलं. जॅक एके काळी तिचा वरिष्ठ. आता तो तिच्या हाताखाली, तेही पोलीस म्हणून नाही, साधा नागरी कर्मचारी म्हणून. तो मनापासून तिचं ऐकतो. काका, मला या मालिकेत काही आवडलं असेल तर हे.

निवृत्त पोलिसांना जुन्या प्रकरणांसाठी असं परत घेणं इथे खरोखरही चालतं. शिवाय ६५ व्या वर्षी सक्तीनं घरी पाठवण्याची मुभा २०११ मध्ये मालकांकडून काढून घेतली गेली. त्याचं फार कौतुक नको. सरकारी पेन्शनच ६६ व्या वर्षी सुरू होतं, आता ते ६७ कडे सरकतंय. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसलेल्या पांढऱ्या केसांच्या आजी सगळ्याच काही हौसेनं बसलेल्या नसतात.

आपल्याकडेही निवृत्तांना करारावर घेतात. पण माझ्या पाहण्यात तरी माणूस परततो तो 'साहेब' म्हणूनच. केबिन तीच, शिपाई तोच, आणि नव्या अधिकाऱ्यानं उठून उभं राहायचं. अनुभव हवा असेल तर अनुभवच घ्या, त्याच्याबरोबर खुर्ची कशाला? सरसकट दोन वर्षं वाढवली की कामाचा आणि बिनकामाचा, दोघेही तिथेच बसून राहतात, आणि पुतण्याची वयोमर्यादा मात्र कुणासाठी थांबत नाही.

पुतण्याला आणखी एक मुद्दा याच मालिकेतून मिळेल: जुने गेले तरी गाडी थांबत नाही. बोलम २०१२ मध्ये बाहेर पडला, आर्मस्ट्राँग आणि रेडमन २०१३ मध्ये. डेनिस लॉसन, निकोलस लिंडहर्स्ट, टॅमझिन आउथवेट आले. तिघेही कसलेले नट, पण जुन्या चौघांची एकमेकांवरची कुरघोडी त्यांना कुठून आणता येणार? शेवटच्या वर्षी वॉटरमनही बाहेर पडला, तरी मालिका आणखी काही भाग चाललीच. मी मात्र बघायची सोडली होती.

हे सगळं ग्रुपवर लिहून काकांना विचारलं, तुमच्या हाताखालच्या बाईंच्या हाताखाली, बिनखुर्चीचे, जाल का परत? काकांचं उत्तर आलं, "मानधन किती?" पुतण्यानं त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकलाय. काकूंनी विचारलंय, डबा कोण करणार.