‘टीव्हीच्या बातम्या मोबाइलने मारल्या’ हे खरं नाही

गेले काही महिने एक मजकूर गटागटांतून फिरतो आहे. मथळा थोड्याफार फरकाने तोच: ‘टीव्हीच्या बातम्या मेल्या, मोबाइलने मारल्या.’ खाली पाच दावे. टीव्हीवर बातम्या आता कोणी बघत नाही. वाहिन्या जे दाखवतात ते लोकांनाच हवं असतं आणि टीआरपी हा त्याचा पुरावा. आपण केबलचे पैसे भरतो, त्यात वाहिन्यांचं भागलं पाहिजे. भागत नसेल तर बंद व्हाव्यात. निवेदकांची जागा एआय घेणारच आहे. आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना जिल्ह्यात प्रतिनिधी हवाच कशाला?

मी मराठी वृत्तवाहिनीच्या इनपुट डेस्कवर, म्हणजे जिथे बाहेरून येणाऱ्या बातम्या गोळा होतात तिथे, बरीच वर्षं काढली. हा मजकूर मला चौघांनी पाठवला, त्यातले दोघं याच धंद्यातले. धंद्यातली माणसंही त्यावर मान डोलवतात हे बघून राहवलं नाही.

‘कोणी बघत नाही’ हे आधी घेऊ, ते लवकर आटपेल. टीव्ही कोण किती बघतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार देशात सुमारे २१ कोटी घरांत टीव्ही होता. त्यानंतर शहरांतल्या पुष्कळ तरुणांनी सेट टॉप बॉक्स काढून टाकला, हे मान्य. पण ते बातम्या बघायचे थांबले का? पुराची, अपघाताची, निकालाची जी क्लिप फोनवर येते ती नीट बघा. बोलणाऱ्याच्या तोंडापुढे वाहिनीचा बूम, म्हणजे नाव लिहिलेला माइक, असतो, कोपऱ्यात वाहिनीचा लोगो असतो. बघायची जागा बदलली. चित्रण करणारा आणि बाइट (बोलणाऱ्याची प्रतिक्रिया) घेणारा माणूस तोच आहे. रेडिओ टीव्हीची जागा घेईल म्हणावं तर आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच ऐकवाव्या लागतात.

टीआरपीचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याने वाहिन्या चालवणारे मोकळे सुटतात आणि सगळा दोष बघणाऱ्याच्या माथी जातो.

मोजणी कशी होते ते सांगतो. बार्क निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर बसवते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतो आणि त्या मिनिटाला कोणती वाहिनी चालू होती याची नोंद करतो. घरातलं कोण बघतंय ते त्या त्या माणसाने रिमोटवर आपलं बटण दाबून कळवायचं. २०२० मध्ये अशी घरं सुमारे ४४ हजार होती, म्हणजे साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक. २०२२ अखेर ती एक लाख करावीत अशी शिफारस ट्राय या प्रसारण क्षेत्राच्या नियामकाने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. तो आकडा त्या मुदतीत गाठला गेला नाही.

नमुना लहान आहे म्हणून मोजणी खोटी, असं मी म्हणणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण ती त्याच भांड्यातल्या भाताची. या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार धरला जातो. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांचे आकडे वेगळे पाहता येतात; नंदुरबारचा, हिंगोलीचा, गडचिरोलीचा आकडा वेगळा निघत नाही. तेवढे मीटरच तिथे नाहीत. गुरुवारी आकडे आले की बैठकीत तक्त्यावर बोटं फिरायची आणि मुंबईत कोणत्या मिनिटाला रेटिंग पडलं यावर तासभर चर्चा व्हायची. गडचिरोलीतल्या रस्त्याची बातमी लावली तेव्हा गडचिरोलीत ती किती घरांत पाहिली गेली, हे त्या तक्त्यात कधीच दिसलं नाही. जे मोजलंच जात नाही त्याला ‘लोकांना नको आहे’ म्हणणं हा त्या जिल्ह्यांवर अन्याय आहे.

त्यात लँडिंग पेजची भर. बॉक्स सुरू करताच जी वाहिनी आपोआप समोर येते, त्या जागेसाठी वाहिन्या केबल कंपन्यांना पैसे मोजतात. माणूस रिमोट शोधत असतो, मीटर मात्र धावू लागलेला असतो. ती आवड कोणाची म्हणायची?

आता माझा मुख्य मुद्दा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी एक आरोप जाहीर केला: मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितलं जात होतं. पाठोपाठ बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं. आधी आठ ते बारा आठवड्यांसाठी म्हणून सांगितलं गेलं. प्रत्यक्षात आकडे परत सुरू झाले ते २०२२ च्या मार्चमध्ये, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. म्हणजे सुमारे सतरा महिने वृत्तवाहिन्यांना टीआरपीच नव्हता. ‘काय करणार, टीआरपीसाठी करावं लागतं’ हे कारण खरं असतं, तर त्या सतरा महिन्यांत पडदा बदलायला हवा होता. संध्याकाळच्या डिबेट कमी व्हायला हव्या होत्या, जिल्ह्यांच्या बातम्या वाढायला हव्या होत्या. मी तेव्हा डेस्कवर होतो. रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या रोजच्या क्रमात, काहीही बदललं नाही. चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडतच राहिली.

ती ओरडत राहिली कारण ते स्वस्त पडतं. डिबेटला एक स्टुडिओ, एक अँकर आणि व्हिडिओ कॉलवर पाहुणे लागतात, त्यातही पक्षांचे प्रवक्ते फुकट येतात. तासभराचा स्लॉट भरतो. याउलट नागपूरहून गडचिरोलीतल्या भामरागडला प्रतिनिधी, कॅमेरामन आणि गाडी पाठवा, दोन दिवस द्या, डिझेल-मुक्कामाचा खर्च करा, हाती येते दोन-अडीच मिनिटांची बातमी. हिशेब लावणाऱ्याने कोणतं निवडलं हे मी रोज बघत होतो. प्रेक्षकाला त्यात कोणी विचारलं नाही.

तिसरा दावा केबलच्या पैशांचा. हा गैरसमज आहे आणि तो पसरायला कारणही आहे, कारण बिलातून काहीच कळत नाही. २०१९ पासूनच्या रचनेत आपण जे मूळ शुल्क देतो (२०२४ पर्यंत त्याला करांखेरीज १३० रुपयांची मर्यादा होती), ते केबल किंवा डीटीएच कंपनीला जातं. बहुतेक वृत्तवाहिन्या एकतर मोफत असतात किंवा त्यांची किंमत पैशांत असते. तुमच्या बिलातून बातमीदाराच्या हाती जवळपास काहीच येत नाही. उलट वाहिनीच कॅरेज फी, म्हणजे घरोघरी पोचवण्याचं शुल्क, केबल किंवा डीटीएच कंपनीला भरते. ट्रायच्या २०१७ च्या नियमांत तिची कमाल मर्यादा ठरली: साध्या (एचडी नसलेल्या) वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे. वीस पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण लाखो बॉक्सचा हिशेब धरला, तर महिन्याला मोठी रक्कम होते. लँडिंग पेजचे वेगळे, डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डीटीएचवर जागा हवी तर लिलावात बोली वेगळी. म्हणजे बातमी मिळवण्याआधी ती पोचवण्यावरच पैसा जातो, आणि तो भरून काढायला उरतात जाहिराती. जाहिरातींवर तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, तिलाही वृत्तवाहिन्यांनी न्यायालयात आव्हान दिलं. जाहिरात देणाऱ्यांत सरकार मोठं गिऱ्हाईक, हे सांगितलं की पुढचं वाचकाला कळेल. प्रेक्षकाने पैसे दिले नाहीत म्हणून वाहिनी अडचणीत आली असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याने दिलेले पैसे बातमीपर्यंत पोचतील अशी वाटच आपण ठेवलेली नाही.

एआय निवेदकांचं थोडक्यात. २०२३ मध्ये आज तकने ‘सना’ आणली, त्याच वर्षी ओडिशातल्या ओटीव्हीने ‘लिसा’, २०२४ मध्ये डीडी किसानने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’. लिहून दिलेलं वाचायचं तर यंत्र वाचेल. पण मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनच्या बातम्या ज्यांनी ऐकल्या, त्यांना प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील आजही नावानिशी आठवतात. त्या आवाजांमागे, चुकीचं वाचलं तर उद्या याच चेहऱ्याने लोकांसमोर यायचंय, ही जबाबदारी होती. आणि समजा निवेदक बदलले, तरी त्यांच्या हातातला कागद कोण भरणार? सनाला साक्रीच्या पोलीस ठाण्यात जाता येत नाही.

म्हणजे गाडी शेवटच्या दाव्यावर येते: सगळ्यांकडे कॅमेरा आहे, मग प्रतिनिधी कशाला?

२००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा (आजचं एबीपी माझा), आयबीएन लोकमत, साम अशा वाहिन्या एकापाठोपाठ एक आल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं नेमली गेली. पुढच्या वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत पगारी प्रतिनिधी कमी होत गेले आणि त्यांच्या जागी स्ट्रिंगर आले. स्ट्रिंगर म्हणजे बातमीमागे मानधन घेणारा. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल आणि कॅमेरा त्याचा. वाहिनीचा असतो तो बूम. बातमी लागली तर पैसे, तेही कित्येक महिने उशिरा. मी जिथे होतो तिथे सणासुदीला या मुलांना जाहिरातींचं टार्गेट दिलं जायचं. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच टँकरची बातमी कशी करायची, हा प्रश्न मला एकाने रात्री फोनवर विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा वृत्तपत्रांसाठी झालेला, त्यात टीव्हीच नव्हता. राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला, पण ज्याच्याकडे नेमणुकीचं पत्रच नाही त्याला ‘मी पत्रकार आहे’ इथूनच सुरुवात करावी लागते.

शहरांत केबलच्या स्थानिक वाहिन्या आहेत आणि नळाला पाणी कधी येणार हे त्याच सांगतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांना नोंदणीच्या चौकटीत आणलं, एका वाहिनीला हजार रुपये शुल्क ठेवलं. चांगली गोष्ट आहे. पण तिथेही केबलचालकाचे संबंध ज्याच्याशी, त्याच्याविरुद्धची बातमी लागणं कठीण.

तरीही हा स्ट्रिंगर काय करतो? व्हिडिओ आला की तो ठाण्यात फोन लावतो, तहसीलदाराला विचारतो, सिव्हिल सर्जनकडून मृतांचा आकडा घेतो, आणि ‘दादा, हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, झाडं बघा’ असं डेस्कला सांगतो. त्याच्या अशा एका वाक्याने आम्ही किती बातम्या थांबवल्या त्याची गणती नाही. थांबवलेली बातमी कोणाला दिसत नाही, म्हणून तिचे पैसेही कोणी देत नाही.

नुसते फोन असले आणि खात्री करणारं कोणी नसलं की काय होतं, ते धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्या मारहाणीचं चित्रण झालं. कॅमेरे होते.

आणि ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. ही घटना जगाला कळली ती व्हिडिओमुळे नव्हे. गावात फोन असतील, ते चिखलाखाली होते. एसटीचा चालक नेहमीच्या मार्गावर गाडी घेऊन आला आणि समोर गाव दिसेना. नवख्या माणसाला तिथे डोंगर आणि माती एवढंच दिसलं असतं. इथे गाव होतं, हे त्या चालकाला माहीत होतं.