आत्ता काय शिकलात?

भाची मानसशास्त्रात पीएचडी करते. रोजच्या जगण्यात माणूस काय शिकतो आणि त्यातलं किती लक्षात ठेवतो, हे तिला बघायचंय. प्रयोगशाळेत बसवलेला माणूस जरा जास्तच शहाण्यासारखा वागतो म्हणे, म्हणून सगळं मोबाइलवर. "मामा, चौदाच दिवस. दिवसातून सहा वेळा फोन वाजेल. कधी ते सांगणार नाही, नाहीतर तू तयारी करून बसशील."

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पडद्यावर प्रश्न : 'गेल्या तासाभरात नवीन काय शिकलात?' फेसाळलेल्या बोटाला फोन दाद देईना. शेवटी नाकाने 'काही नाही' दाबलं. दुपारी पुन्हा 'काही नाही'. संध्याकाळीही तेच. पन्नाशीच्या माणसाकडून दिवसातून सहा वेळा हे लेखी घेऊ नये.

तिसऱ्या दिवसापासून मी उत्तरापुरतं शिकायला लागलो.

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, माहीत आहे?" मी बायकोला विचारलं.

"नळ चालू राहिलाय, माहीत आहे?"

शिकलेलं टिकत मात्र नव्हतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने 1885 साली हे मांडून ठेवलंय. तो निरर्थक अक्षरं पाठ करायचा आणि किती उरली ते मोजायचा. प्रयोग करणाराही तोच, बकराही तोच. तासाभरात निम्म्याहून जास्त गळायचं, मग गळती मंदावायची. त्याला निदान भाचीला तोंड दाखवायचं नव्हतं.

त्यात एक गोम आहे. एखादी गोष्ट मुद्दाम आठवायला लावली की ती आणखी पक्की होते. म्हणजे मोजायला गेलं की मोजायची वस्तूच वाढते! त्या पंधरवड्यातलं मला आज लख्ख आठवतं ते एवढंच : नाकावरचा फेस आणि ऑक्टोपस.

सगळ्यात छळ रात्री नऊचा. गजर न लावता, आपल्या आपण आठवून, हिरवं बटण दाबायचं. आठपासून मी घड्याळाकडे टक लावून बसायचो आणि नऊला पाच कमी असताना नेमका डोळा लागायचा.

शेवटी भाची आलेख घेऊन आली. "मामा, नऊचं बटण चौदापैकी बारा वेळा अचूक! या वयात कमाल आहे. ते दोनच दिवस काय झालं रे?"

मी आठवायचा प्रयत्न करत होतो.

"ते दोन दिवस मी बहिणीकडे गेले होते," आतून बायको म्हणाली.