शब्दांची यादी चिकटवली म्हणून रेफरर स्पॅम थांबत नाही

सोलापुरात चादरी-टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: ‘एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये ही दोनशे घाणेरड्या शब्दांची यादी टाका, रेफरर स्पॅम कायमचा बंद.’ रेफरर म्हणजे पाहुणा ज्या पानावरून आला त्याचा पत्ता; स्पॅमवाले तिथे आपल्या साइटचा खोटा पत्ता घालतात. एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरला नियम सांगणारी फाइल; यादीतला शब्द रेफररमध्ये दिसला की ती दार बंद करते. या सल्ल्यामागचे समज एकेक पाहू.

‘फक्त घाणेरडे पत्तेच अडतात.’ चूक. यादी शब्द ओळखत नाही, अक्षरांचा तुकडा शोधते. ‘स्पेशालिस्ट’च्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात सियालिस या लैंगिक ताकदीच्या गोळीचं अख्खं नाव आहे, आणि ते अशा यादीत असतंच. ‘हॉट’ अडवलात की ‘हॉटेल’ही गेलं आणि ‘फोटो’ही. आपल्याकडे तर पौर्णिमा हे नाव बरेच जण रोमनमध्ये पी-ओ-आर-एन अशी सुरुवात करून लिहितात! त्या नावाच्या साडी दुकानाच्या साइटवरून तुमच्या चादरीची लिंक उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, दिसणार. उलट स्पॅमवाल्यांचे पत्ते बहुधा सोवळे असतात: एसईओ, ट्रॅफिक, फुकट बटणं. त्यात अश्लील काही नाहीच, मग यादी पकडणार काय?

‘गूगल अ‍ॅनालिटिक्सही (भेटी मोजणारी गूगलची सेवा) स्वच्छ होतं.’ तिथल्या कचऱ्याचा एक भाग तुमच्या सर्व्हरला शिवतच नाही. ‘जी’ने सुरू होणारा मेजरमेंट आयडी, म्हणजे तुमच्या साइटचा तिथला ओळख क्रमांक, पानाच्या सोर्समध्ये उघडा असतो, तो उचलून कुणीही थेट गूगलकडे खोट्या भेटी पाठवू शकतो. पाहुणा दाराशी आलाच नाही, तर दाराला कुलूप लावून काय उपयोग? अशा नोंदींचं होस्टनेम, म्हणजे भेट ज्या साइटवर झाली असं नोंदलं गेलं तिचं नाव, बघा. ते बहुतेकदा भलतंच किंवा रिकामं असतं, म्हणून अहवालात फक्त आपलंच होस्टनेम ठेवा. जीए-४ (गूगल अ‍ॅनालिटिक्सची आवृत्ती) मधली ‘नको असलेले रेफरल’ ही यादी भेट काढून टाकत नाही, तिचा फक्त रेफरल म्हणून हिशोब थांबवते.

‘चिकटवलं की झालं.’ इथेच साइट झोपते. यादीतल्या प्रत्येक अटीला ‘ऑर’ (‘किंवा’) जोडलेला असतो, शेवटच्या अटीला तो नको. यादी कापताना तो शेवटी राहिला, की नियम सगळ्यांना लागू होतो आणि होमपेजलाही ४०३ येतो. ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत हे झालं तर बघायलाच नको. बदल केल्यावर कर्लच्या (कमांडने पान मागवणाऱ्या साधनाच्या) रेफरर पर्यायातून यादीतला एक पत्ता पाठवा, ४०३ यायला हवा. मग रेफररशिवाय मागवा, २००, म्हणजे ‘ठीक’, यायला हवा.

अडवायचंच असेल तर शब्द नको, पूर्ण डोमेन अडवा, टिंबाआधी उलटी तिरकी रेघ देऊन. मॅटोमो या भेटी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची स्पॅम डोमेनची यादी फुकट मिळते. त्याआधी अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरवरची प्रत्येक विनंतीची नोंद, वाचा. ‘कम्बाइन्ड’ या नेहमीच्या फॉरमॅटमधली ओळ दुहेरी अवतरणचिन्हांवर तोडली, तर चौथा तुकडा रेफरर. खरा ब्राउझर पहिल्या भेटीत पानामागोमाग सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल) आणि चित्रंही मागतो. साधा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, नुसतं पान मागतो आणि गायब होतो. अडवलेली विनंतीही लॉगमध्ये ४०३ म्हणून उमटतेच, त्यामुळे ती दिसली म्हणून नियम चालत नाही असं समजू नका.

आणि एडब्ल्यूस्टॅट्सचं, म्हणजे लॉगमधून भेटींचा अहवाल बनवणाऱ्या प्रोग्रामचं, पान जगाला उघडं असेल तर आधी त्याला पासवर्ड लावा. तिथे छापून येणारी फुकटची लिंक हेच यातल्या बऱ्याच बॉटांचं लक्ष्य.