माउली म्हणता, मग फोटो काढण्याआधी विचारा तरी!
दरवर्षी वारी निघाली की माझं डोकं फिरतं. नीरेच्या काठी आत्या ओलं लुगडं वाऱ्यावर धरून वाळवत होती, केस मोकळे, आणि दोन हातांवर एकाची ही भली मोठी लेन्स! तिनं पदर ओढला तर म्हणे, "माउली, राहू द्या तसंच, छान येतंय." अरे, विचारलंस कुणाला? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण भारतीय न्याय संहितेचं चोरून बघण्या-टिपण्याविरुद्धचं कलम ७७ बाईच्या खासगी कृतीपुरतंच. वाटेवरचा साधा चेहरा त्यात बसत नाही. म्हणून काय वाट्टेल ते टिपायचं? आत्याकडे फोनसुद्धा नाही. तिचा फोटो मात्र गावभर फिरला, आणि ती अजून मलाच विचारते, "कोण होता गं तो?"