चोरदार नव्हे, चढता गाडा: ‘द कॉर्सिकन ब्रदर्स’वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डायन बुसिकोच्या या मेलोड्रामातलं (संगीताच्या साथीचं भावनाप्रधान नाटक) मारल्या गेलेल्या जुळ्या भावाचं भूत म्हणजे चोरदारातून, म्हणजे रंगमंचाच्या जमिनीतल्या झाकणातून, वर ढकललेला नट, सोबत रडकं व्हायोलिन, आणि प्रेक्षक भोळे म्हणून भुलले.

आधी चोरदाराचं बघू. साधा चोरदार (ट्रॅप) नटाला सरळ वर आणतो. लंडनकरांना ते पँटोमाइममुळे (जादूच्या करामतींचे विनोदी खेळ) पाठ होतं. 24 फेब्रुवारी 1852 ला प्रिन्सेस थिएटरात नट चार्ल्स कीनने केलेल्या या नाटकात दिसलं ते निराळंच. भूत जमिनीतून वर येता येताच आडवं सरकत होतं, पाऊल न उचलता. रंगमंचाखाली चढते रूळ, रुळांवर चाकांचा छोटा गाडा, गाड्यावर नट. पण नटाबरोबर वरचं भोकही सरकायला हवं, नाहीतर रंगमंचभर चर उघडा पडणार. म्हणून तो चर कॅनव्हासवर चिकटवलेल्या अरुंद लाकडी पट्ट्यांनी झाकायचा. दुकानाच्या शटरसारख्या त्या पट्ट्या नटापुढून हटतात आणि त्याच्या मागची जागा लगेच भरतात. पायाभोवतीची फट लपवायला फळ्यांच्या रंगाचे ब्रशचे केस.

यात घोटाळे बरेच. लाकूड दमट हवेने फुगलं की पट्ट्या अडकतात. ओढणाऱ्याने हिसका दिला की नट डोलतो, आणि भूत डोललं की हशा ठरलेला! गॅसचे दिवे मंद करताना एकदम खाली घेतले तर विझतात. म्हणून मुख्य झडपेला वळसा घालून एक बारीक नळी ठेवत, ज्योत जिवंत राहण्यापुरती.

आता व्हायोलिन. संगीतकार रॉबर्ट स्टोपेलची ती थरथरती धून भीती घालते हे खरंच, पण तिच्याखाली चाकांची खडखडही बुडते. शिवाय मेलोड्रामातल्या संगीताचे असे तुकडे हवे तितके घोळवता येतात. गाडा रेंगाळला तरी वादक सांभाळून घेतात. आणि संगीताची ही सवय कायद्यानेही लावलेली होती. 1843 पर्यंत लंडनमध्ये निव्वळ गद्य नाटकाचा हक्क ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डनचा, उन्हाळ्यात हेमार्केटचा. बाकीच्यांना गाणं-वाजवणं घालूनच नाटक करावं लागे.

प्रेक्षक भोळे? दोन्ही जुळे भाऊ कीनच करतोय हे जाहिरातीतच होतं. दोघे एकत्र दिसायचे तिथे बदली नट लागतो, तोंड फिरवून. पहिला अंक कॉर्सिका बेटावर, दुसरा पॅरिसकडे, पण दोन्ही एकाच वेळी घडणारे आणि एकाच क्षणावर संपणारे. हे ध्यानात ठेवून बघणारा माणूस भोळा कसा? व्हिक्टोरिया राणीने तर हे नाटक पुन्हा पुन्हा पाहिलं.

संवाद पातळ आहेत, त्यावर मी भांडणार नाही. बुसिकोने याहून चुरचुरीत लिहिलंय. पण तिसऱ्या अंकातलं द्वंद्व जरूर वाचा. शत्रूची तलवार मोडते, तेव्हा जिवंत उरलेला जुळा फाबियन आपलीही मोडतो आणि दोघे तुटक्या पात्यांनी लढतात. तिथे बोलणं जवळजवळ नाही, आणि माझ्या मते नाटकाचा सर्वांत कसदार भाग तोच.